हप्ता निम्म्यावर येतोय, पण सात वर्षांसाठी

नमस्कार ताई,

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी लिपिक आहे. सगळं कापून हातात ४६ हजार येतात. मिस्टरांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पण वर्षभर कामं कमी झालीत. एखाद्या महिन्यात दहा हजार देतात, एखाद्या महिन्यात काहीच नाही. माझ्या नावावर तीन कर्जं आहेत. घराच्या स्लॅबसाठी बँकेकडून घेतलेले ४ लाख (१३ टक्के, पाच वर्षं, त्यातली दोन झाली), सासऱ्यांच्या आजारपणात फायनान्स कंपनीकडून घेतलेले २ लाख (१८ टक्के, तीन वर्षं, एक झालं) आणि सहा महिन्यांपूर्वी मोबाइल अ‍ॅपवरून काढलेला १ लाख (२८ टक्के, दीड वर्ष). हप्ते ९,१०१, ७,२३१ आणि ६,८६७. शेवटचं कर्ज माझ्या आईच्या ऑपरेशनसाठी काढलं, ते घरी कुणाला माहीत नाही. दर महिन्याला पाच-सहा हजार कमी पडतात. पगार उशिरा झाला की हप्ता बाऊन्स होतो, तीनदा झालाय.

आता एक एजंट म्हणतोय, तिन्ही कर्जं बंद करून साडेसहा लाखांचं एकच कर्ज करून देतो. १४ टक्के, सात वर्षं, हप्ता १२,१८१, वर दीड लाख हातात. मुलगी बारावीला आहे, तिच्या इंजिनिअरिंगच्या फीला ते उपयोगी पडतील. आमच्या पतसंस्थेची मी सभासद आहे, पण जामीनदार व्हा म्हणून कुणाला सांगायला लाज वाटते. एजंटला कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर दिलीत, सही अजून केलेली नाही. करू का?

— एक वाचक भगिनी

*

सही करू नका. या कर्जावर तर नाहीच.

तुमची ओढाताण खरी आहे. हप्ता कमी व्हायलाच हवा आणि तो मुदत वाढवूनच कमी होईल, इथपर्यंत एजंट आणि मी एकाच मताचे. मुदत किती वाढवायची आणि कोणत्या कर्जाची, हे त्याने तुम्हाला विचारलंच नाही. त्याचं कमिशन कर्जाच्या रकमेवर ठरतं, त्यामुळे विचारणारही नाही.

तुमच्या पत्रातले आकडे घेऊन हिशेब मांडला. बँकेचे आज साधारण २ लाख ७० हजार देणं आहे, फायनान्स कंपनीचे १ लाख ४५ हजार, अ‍ॅपचे ७१ हजार. एकूण ४ लाख ८६ हजार. काहीही न बदलता शेवटपर्यंत हप्ते भरले तर इथून पुढे व्याजापोटी साधारण साडेसत्त्याण्णव हजार जातील. हेच ४ लाख ८६ हजार, वर एक पैसा न घेता, १४ टक्क्यांनी सात वर्षांवर नेले तर हप्ता ९,१०८ होतो आणि व्याज २ लाख ७९ हजार. दर १८ आणि २८ वरून १४ वर आला, तरी व्याज जवळजवळ तिप्पट झालं. व्याज जितकं दरावर ठरतं, तितकंच मुद्दल तुमच्याकडे किती काळ राहिलं यावरही ठरतं, आणि एजंटच्या कागदावर फक्त दर ठळक अक्षरात असतो.

साडेसहा लाखांच्या कर्जाचा पहिलाच हप्ता बघा. १२,१८१ मधले ७,५८३ रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दल फिटतं ४,५९८. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, तरी तेव्हा तुमच्या डोक्यावर ४ लाख ४६ हजार शिल्लक असतील. आज आहेत ४ लाख ८६ हजार. आणि आजची तिन्ही कर्जं? तीन वर्षांनी त्यातलं एकही उरलेलं नसेल.

हातात येणाऱ्या दीड लाखाचंही तसंच आहे. साडेसहा लाखांतून जुनी कर्जं वजा केली तर १ लाख ६४ हजार राहतात. पण स्थिर दराची कर्जं मुदतीआधी बंद करायला शुल्क लागतं. ते ४ टक्के धरलं, त्यावर १८ टक्के जीएसटी, तर २३ हजारांच्या आसपास तिथेच गेले. नव्या कर्जाची प्रोसेसिंग फी २ टक्के धरली तर जीएसटीसकट आणखी १५ हजार. कर्जासोबत विमा चिकटवला तर त्याचा हप्ताही आधीच कापून घेतात. तो विमा घेणं तुमच्यावर बंधनकारक नाही, पण फॉर्मवर खूण केलेली असते. म्हणजे हातात सव्वा लाख किंवा त्याहून कमी, आणि त्या १ लाख ६४ हजारांपोटी सात वर्षांत परत द्यायचे २ लाख ५८ हजार.

आता तुम्ही लिहिलेलीच, पण तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट. अ‍ॅपचं कर्ज बारा महिन्यांत संपतंय. त्या दिवशी ६,८६७ रुपये आपोआप मोकळे होतात. तुम्हाला महिन्याला कमी पडतात पाच-सहा हजार. म्हणजे तुमची खरी अडचण एका वर्षाची आहे. फायनान्स कंपनीचं कर्ज दोन वर्षांत संपेल, बँकेचं तीन. एका वर्षाच्या तंगीसाठी सात वर्षांचा करार करायचा नाही, एवढंच मला तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्यावरूनच ठरतं.

म्हणून बँकेच्या १३ टक्क्यांच्या कर्जाला हात लावू नका. ते तिघांत स्वस्त आहे आणि त्याचा हप्ता तुम्हाला पेलतोय. ते स्थिर दराचं दिसतंय. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तरी स्थिर दराच्या कर्जाचा हप्ता त्याने हलत नाही. शाखेत जाऊन दर कमी करतात का, एकदा विचारा. नाही म्हणाले तर राहू द्या.

बदलायची ती दुसरी दोन. त्यांचे हप्ते मिळून १४,०९८ होतात. ती दोन्ही पतसंस्थेच्या एका कर्जातून बंद करा. २ लाख १६ हजारांचं देणं, त्यात बंद करण्याचं शुल्क धरून २ लाख २६ हजार घ्या. तुमच्या संस्थेचा दर मला माहीत नाही, १२ टक्के धरते. मुदत तीन वर्षं. हप्ता होतो ७,५०६. म्हणजे दोन कर्जांच्या हप्त्यात साडेसहा हजारांची सुटका पहिल्याच महिन्यापासून, आणि बंद करण्याचं शुल्क धरूनही एकूण जादा जातील ते साधारण १४ हजार ३०० रुपये. तीन वर्षंच का, तर तोपर्यंत बँकेचं कर्जही संपतंय. नवं कर्ज जुन्यातल्या सगळ्यांत लांब कर्जाच्या पुढे जाऊ नये.

याचीही किंमत आहे, ती लपवत नाही. आहे तसं चालू ठेवलं असतं तर तिसऱ्या वर्षी फक्त बँकेचा हप्ता उरला असता. आता तिसऱ्या वर्षीही दर महिन्याला साडेसात हजार जादा भरावे लागतील. पण आज महिन्याला पाच-सहा हजारांचा खड्डा कुठून तरी भरावाच लागतो. हातउसने घेऊन, नाहीतर क्रेडिट कार्डावर, नाहीतर आणखी एका अ‍ॅपवरून. त्या चौथ्या कर्जापेक्षा हे १४ हजार मला मान्य आहेत. मिस्टरांचं काम सुधारलं की पतसंस्थेकडे मधूनमधून जादा रक्कम भरा. मुदतीआधी भरल्यास शुल्क लागतं का, हे अर्ज करतानाच विचारून घ्या. संस्था कर्जातून काही टक्के रक्कम शेअर्सपोटी कापते का, तेही विचारा. कापत असेल तर तेवढी रक्कम वाढवून मागावी लागेल, नाहीतर जुनं कर्ज पूर्ण बंद व्हायला चार-पाच हजार कमी पडतील आणि सगळं अडेल.

पतसंस्थेचा आणखी एक फायदा तुमच्या बाऊन्सच्या दुखण्यावर थेट लागू पडतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे, तुमच्या लेखी संमतीवर संस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो. पगार दहा तारखेला झाला तर हप्ताही दहालाच जातो. आज काय होतंय? हप्त्याची तारीख ३ किंवा ५, पगार कधी १ ला तर कधी ८-१० ला. खात्यात पैसे नसले की फायनान्स कंपनी बाऊन्सचं शुल्क लावते आणि तुमची बँकही वेगळं कापते. पाचशे अधिक जीएसटी, म्हणजे ५९० असा आकडा पासबुकात दिसत असेल. शिवाय उशीर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात जातो तो वेगळाच. म्हणून उरलेल्या बँकेच्या कर्जासाठीही शाखेत अर्ज द्या, हप्त्याची तारीख १२ च्या पुढे घ्या. बऱ्याच बँका करून देतात, मधल्या दिवसांचं थोडं व्याज घेतात. एका पानाचा अर्ज आहे, पण त्याने महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला जीव टांगणीला लागणं थांबेल.

आता जामीनदारांबद्दल. लाज वाटते हे मी समजू शकते. स्टाफरूममध्ये बातमी फिरते, "बाईंना कर्ज झालंय" अशी कुजबुज होते. पण तुमच्या शाळेतल्या किती जणांनी पतसंस्थेतून कर्ज काढलंय, याचा अंदाज संस्थेच्या वार्षिक अहवालातल्या येणे कर्जाच्या आकड्यावरून येईल. मुलीच्या लग्नाला, घराला, गाडीला, सगळे तिथूनच काढतात आणि एकमेकांना जामीन राहतात. तुम्हीही कुणाला राहिला असाल. मात्र ज्यांना विचाराल त्यांना पूर्ण चित्र दाखवा. हप्ता थकला तर त्यांच्या पगारातून कापलं जाऊ शकतं, हे त्यांना माहीत असायला हवं. "माझी दोन महागडी कर्जं बंद करण्यासाठी हे घेतेय, नवीन खर्चासाठी नाही, आणि हप्ता पगारातून कापून जाईल," एवढं सांगितलंत की समोरच्याला भरवसा वाटतो. मोघम सांगितलंत तर माणूस बिचकतो.

जामीनदार मिळालेच नाहीत तर दुसरा रस्ता सोन्याचा. घरात पाटल्या किंवा गंठण असेल, तर राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवून फक्त अ‍ॅपचे ७१ हजार फेडा. सोनेतारणाचा दर २८ टक्क्यांच्या जवळपासही नसतो. हप्त्याने फेडायचं कर्ज घ्या, वर्षाअखेरीस एकदम फेडायचं नको. ते वर्ष कधी संपतं कळत नाही आणि नोटीस लिलावाची येते. याने सुटका कमी होईल, तीन वर्षांची मुदत धरली तर साधारण साडेचार हजारांची, पण खर्चही कमी.

आणि मिस्टरांना सांगा. कर्ज लपवून ठेवून हा बदल करता येणार नाही. पतसंस्थेच्या अर्जात चालू कर्जं लिहावी लागतात, सिबिलमध्ये तिन्ही दिसतात, आणि सोनं तारण ठेवायचं तर घरात विचारल्याशिवाय कसं ठेवाल? तुम्ही आईच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलंत. यात लाजण्यासारखं काही नाही. सासऱ्यांच्या आजारपणाचं कर्जही तुमच्याच नावावर आहे ना? ते उघड आणि हे लपवलेलं, हा भेद तुम्ही एकटीने किती दिवस सांभाळणार? सांगताना नुसती अडचण सांगू नका, कागदावर हे आकडे मांडून सांगा. आज २३,१९९, बदलानंतर १६,६०७. आणि त्यांच्याकडे एक ठरावीक रक्कम मागा. कधी दहा हजार, कधी काहीच नाही, यापेक्षा दर महिन्याला चार हजार नक्की, हे घर चालवायला जास्त उपयोगाचं आहे.

मुलीची फी. तिच्यासाठी १४ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला हे लागू नाही. तुमचा एकूण पगार, कापण्याआधीचा, आणि वर्कशॉपचं उत्पन्न मिळून आठ लाखांच्या आत बसतं का ते आत्ताच बघा. बसत असेल तर तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणि जातीसंबंधीची कागदपत्रं बारावीचा निकाल लागायच्या आधी तयार ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात. वसतिगृहाचा आणि खाण्यापिण्याचा खर्च तरीही राहील. त्याला कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज घ्या. ४ लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात.

कर्ज मंजूर झालं की जुनी कर्जं बंद करताना घाई नको. आधी फायनान्स कंपनी आणि अ‍ॅपमागची जी वित्तसंस्था आहे, तिच्याकडून फोरक्लोजर स्टेटमेंट मागा. त्यावर अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम, आणि पुढे रोजचं व्याज किती, हे लिहिलेलं असतं. काही कर्जं पहिले सहा किंवा बारा महिने बंद करता येत नाहीत, तेही त्यातच कळेल. पैसे त्यांच्या कर्जखात्यातच भरा, कुणा माणसाच्या खात्यावर किंवा यूपीआयवर नको. पतसंस्थेचे पैसे आले की त्याच दिवशी दोन्हीकडे भरा. खात्यात आठवडाभर पडले तर त्यातले दहा हजार किराणा-लाइटबिलात जातात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. भरल्यावर ना हरकत प्रमाणपत्र घ्या आणि तुमच्या बँकेत जाऊन त्या दोन कंपन्यांची नॅशची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची, परवानगी रद्द करा. ती राहिली तर बंद झालेल्या कर्जाचा हप्ताही एखाद वेळेस ओढला जातो आणि परत मिळवायला महिने लागतात. आणि ते अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाका. "तुम्ही २ लाखांसाठी पात्र आहात" असा संदेश पुढच्याच आठवड्यात येईल.

सात वर्षांचं कर्ज कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रात नोकरी गेली असं असतं, किंवा मिस्टरांचं वर्कशॉप कायमचं बंद झालं आणि घर एकट्या पगारावर पुढची कित्येक वर्षं चालवायचंय असं असतं, तर मी लांबचीच मुदत घ्या म्हटलं असतं. हप्ते थकण्यापेक्षा, वसुलीवाल्यांचे फोन शाळेत येण्यापेक्षा जादा व्याज परवडतं. तशी वेळ आलीच तर फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराचं कर्ज मागा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग दराच्या कर्जांवर, ती व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेली असतील तर, मुदतीआधी फेडल्याचं शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. वैयक्तिक कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात, म्हणून हे विचारूनच घ्यावं लागतं. कोणतंही कर्ज असो, सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना ते देणं सक्तीचं आहे. त्यात फी, विमा सगळं धरून खरा वार्षिक दर किती पडतो, हे एका आकड्यात लिहिलेलं असतं. एजंट १४ म्हणतो तेव्हा तिथे किती आहे, ते वाचा.

आणखी एक. "हप्ते भरणं थांबवा, आम्ही सेटलमेंट करून देतो" असे फोन तुम्हाला येऊ लागतील, बाऊन्स झालेल्यांची यादी त्यांच्याकडे कशी पोचते कोण जाणे. तिकडे वळू नका. सेटलमेंटचा, म्हणजे कर्ज पूर्ण न फेडता मिटवल्याचा, शेरा सिबिलवर वर्षानुवर्षं राहतो, आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाला तुम्ही सहकर्जदार असाल तेव्हाच तो आडवा येईल.

राहिला तो एजंट. त्याला फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा म्हणजे पुरावा राहील: "मला हे कर्ज नको आहे. माझ्या नावाने कुठेही अर्ज करू नये आणि माझी कागदपत्रं काढून टाकावीत." त्यानंतर कुठलाही ओटीपी आला तर कुणालाही सांगू नका. तो म्हणेल, "फक्त पात्रता तपासतोय", तरीही नाही. साधारण तीन आठवड्यांनी तुमचा क्रेडिट अहवाल काढून बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. तुम्ही अर्ज न केलेल्या बँकेची चौकशी त्यात दिसली तर त्या बँकेला ईमेलने तक्रार करा आणि तारीख लिहून ठेवा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.